साडेपाचचं पाणी

टेबलावर नकाशा, कोपऱ्यांवर
मिठाची बरणी, रिवालचा फोन, दोन शिंपले.
रॉस्कॉफपासून फूरच्या तोंडापर्यंत सदतीस मैल.
फूर म्हणजे भट्टी.
पाण्याच्या अरुंद वाटेला हे नाव कुणी दिलं
ते बाबांनाही ठाऊक नाही.

उधाणाचे दिवस. रात्री साडेअकराला पाणी फिरणार
आणि साडेपाचपर्यंत सगळं आमच्या अंगावर येणार.
रिवाल म्हणतो, भांगापर्यंत थांबू.
पण कामारेचा माणूस थांबणार नाही, त्याने
बोटीचे निम्मे पैसे दिलेत
आणि नवं नावही रंगवायला टाकलंय.

मग मी पाठकोऱ्या बिलावर हिशोब मांडते.
आमची म्हातारी पाच नॉटची.
नऊला सुटलो तर अडीच तास सुकती ढकलेल : सोळा.
पुढचे सहा तास साडेतीनने रांगायचं : एकवीस.
सोळा नि एकवीस, सदतीस.
शाळेत असं माझं कधी जुळलं नव्हतं.

बाबा सूप पीत होते. एकोणीस वर्षं
खनिजाच्या जहाजांवर, वेसां बेटाच्या बाहेरून,
छोट्या शिडांकडे ते उंचावरून बघत आले.
बोट पुढे करून म्हणाले,
"ही रेघ दोन मैल आत घ्या."
"आत खडक आहेत."
"खडक जागचे हलत नाहीत."
"मोठी जहाजं इथे येतच नाहीत, बाबा."
"लहान येतात. ब्रेस्तहून, चढत्या पाण्यावर.
तुमचं उलटं पाणी कुणाचं तरी सुलटं असतं."

आणि मग चमचा ठेवून, नकाशालाच सांगितल्यासारखं :
"मार्च होता. पहाटेचे तीन.
नाळेच्या उजवीकडे, अगदी खाली, एक हिरवा दिवा.
मेणबत्तीएवढा.
मी कॉफी ओतायला वळलो.
वळून बघतो तर नाही.
अकरा मिनिटं मी कुणाला उठवलं नाही.
मग मागे, लांब, एक पांढरा दिवा दिसला.
तोच होता
असं मी ठरवलं.
नोंदवहीत लिहिलं, हवा स्वच्छ, विशेष काही नाही."

सूप गार झालं होतं.
रिवालने खोडरबर घेतलं
आणि रेघ पुसताना कागद थोडा फाडला.
आईला हे माहीत होतं का,
मी विचारलं नाही.

*

चार वाजून दहा.
मतलई वारा कांद्याच्या शेतांचा वास घेऊन येतोय.
कुमारी बेटाचा दिवा दर पाच सेकंदांनी,
आणि तासभर झाला, जवळपास त्याच खांद्याशी.
बोट पाणी कापते आहे, किनारा हलत नाही.
रिवाल खाली झोपलाय, बूट घालून.

आधी दोन पांढरे दिवे, एकावर एक.
मग तांबडा आणि हिरवा, दोन्ही एकदम,
म्हणजे नाक सरळ माझ्याकडे.
आमच्या जुन्या रेघेवरून,
आमच्याच उलट्या पाण्यावर बसून,
हे वाळू वाहणारं जहाज चुकून इतकं आत येतंय,
की जुनी रेघच चुकली होती?
मी सुकाणू गुडघ्याने धरते,
बॅटरी काढते, शिडावर टाकते.
एवढा मोठा पांढरा कपडा अचानक उजळतो
की मलाच दचकायला होतं.
मोजते. दहा. वीस. हात दुखतो.
तिथे वर कुणीतरी आत्ता कॉफी ओतत असेल.
चाळीस.
तांबडा मिटतो.
फक्त हिरवा उरतो, सरकत, सरकत,
मग इंजिनाचा आवाज छातीत,
मग त्याच्या लाटा, एक, दोन, आणि खाली
कपाटातले पेले, आणि रिवालची शिवी.

पाच अडतीसला फूरच्या खांबाशी
फेस एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला.
बाबांना लिहिलं : पोचलो, पाणी फिरलं.
लगेच उत्तर आलं :
नक्की किती वाजता?