तणावे

माग विकले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात
यांनी परसात वाफा केला.
लोखंड किलोवर गेलं.
शेडच्या फरशीवर तेलाचे चार चौकोन राहिले,
आणि कोपऱ्यात निळ्या कृत्रिम रेशमाचे कोन,
कुणी न नेलेले.

वडगावात आमच्या गल्लीत
आता दिवसाही कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं.
यांना नाही येत.
चाळीस वर्षं धोट्याच्या आवाजात उभं राहून
कान केव्हाच गेले.
माग थांबल्याचं त्यांना
पायांखालची फरशी थरथरेना तेव्हा कळलं.

बियाणं नीलव्वानं दिलं, पदराच्या गाठीतून,
बैलहोंगलच्या भावाच्या रानातलं.
ती म्हणते बटाणी, मी म्हणते वाटाणा,
हे काहीच म्हणत नाहीत.
रात्रभर वाटीत भिजवून
सकाळी एकेक दाणा बोटाच्या पेराएवढा खोल.
दोन ओळी. बत्तीस दाणे.
घुशीनं पाच उकरून नेले,
सत्तावीस वर आले.

वेल टेकू शोधू लागले तसे
यांनी बांबू रोवले, वर आडवी काठी,
आणि रेशमाचा ताणा भरला,
मागावर भरावा तसा,
धाग्याला धागा न लागता.
उन्हात सगळं परस निळं चमकायचं.
जाणारे-येणारे थांबून विचारायचे,
"काय कराल्यात गा, साडी विणाल्यात?"

पण वेल चढेनात.
तणावा यायचा, धाग्याला एक वेढा द्यायचा,
आणि रात्रीच्या दवानं जड होऊन
सकाळी खाली, मातीत तोंड घालून.
उचलून लावा, पुन्हा घसरण.
खालच्या पानांवर भुरी दिसायला लागली.
"तडीरी वैनी, बरतद," नीलव्वा भिंतीवरून म्हणाली,
पण तिलाही दिसत होतं.

चौथ्या दिवशी मी उठले तर
हे वाफ्याशी उकिडवे बसलेले,
एक तणावा करंगळीवर घेतलेला.
करंगळी धाग्यांनी कापून कापून
भेगाळलेली, जुन्या लाकडासारखी.
तिला त्यानं धरलं होतं.
किती वेळ बसले होते कोण जाणे,
दीड वेढा झाला होता.

दुपारी सगळा ताणा कापला.
रविवार पेठेतून कांद्याची रिकामी पोती आणली,
उसवली, सुतळी ओढली,
तागाची कुसं निघालेली, नाकात जाणारी.
आणि विणकराची ती बारकी गाठ,
साडीत कुणाला दिसू नये म्हणून शिकलेली,
तीच, सुतळीवर, ढोबळ, उघडी.
संध्याकाळी हातांना खाज सुटली त्यांच्या.
मी खोबरेल लावलं.

पौषात फुलं, पांढरी.
संक्रांतीच्या आधी शेंगा,
पण एका वेळच्या भाजीला पुरतील एवढ्याही नाहीत.
निम्म्या नीलव्वाकडं गेल्या,
उरलेल्या उप्पिटात.
सगळ्यात भरलेली एक वेलावरच ठेवलीय वाळायला,
तिला लाल चिंधी बांधून,
कुणी तोडू नये म्हणून.

पहिली शेंग यांनी अंगठ्यानं फोडली,
कानाजवळ धरून.
टच्च.
"ऐकू आलं?" मी नुसते ओठ हलवून विचारलं.
हे दाणे मोजत होते.
सात म्हणाले,
टोकाचा मोहरीएवढा राहिलेला
तोही धरून.