डस्टर

नववीच्या वर्गातली बाकं भिंतीला सारून
केंद्रे मॅडमनी आम्हाला गोल बसवलं.
गोल कसला, अंड्यासारखं काहीतरी झालं.
दाराकडचं टोक चेपलेलं,
तिथून धारूरच्या डोंगराचं वारं यायचं
म्हणून कुणी बसेना.

नियम दोनच.
डस्टर ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं.
बाकीच्यांनी ‘असं करायला पाहिजे होतं’ म्हणायचं नाही.
नसेल बोलायचं तर पुढं द्यायचा.

मी सात शनिवार पुढं दिला.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर गेले, कराडकडं, बेळगावकडं.
आईबाप उसाच्या फडात, आम्ही वसतिगृहात.
रविवारी मॅडमच्या मोबाइलवर तीन मिनिटं.
जेवलास का. जेवलो.
थंडी हाय का. हाय.
एवढ्यात तीन मिनिटं संपतात.

पहिल्या शनिवारी डस्टर नुसताच फिरला,
सगळ्यांचे हात पांढरे झाले, बस.
दुसऱ्या शनिवारी द्वारका तिडके म्हणाली,
मपली सुपारी फुटलीय. कोयत्याला जोडी लागती म्हणून.
भूगोलाचं उत्तर सांगावं तसं सांगितलं तिनं.
आम्ही फरशीतल्या भेगेकडं बघत राहिलो.
(मॅडम तिच्या तांड्यावर जाऊन आल्या नंतर.
काय झालं ते कळलं नाही.
द्वारका अजून हाय.)

अल्ताफ म्हणाला, मी अंथरूण ओलं करतो.
पहाटे उठतो ते अभ्यासाला नाही.
मला ठाऊक होतं, मपली सतरंजी त्याच्या शेजारी.
मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

आठव्या शनिवारी लाईट गेलेली.
मॅडमनी मेणबत्ती लावली नाही, बरं केलं.
डस्टर आला, लाकडाची पाठ, खालचं कापड विरलेलं.
पुढं द्यायला हात उचलला
आणि तोंडातून निघालं,
शिवकन्या.

बाकीचं मग आलं, तेही उलटसुलट.
कोपीपाशी मी होतो. नऊ वर्षांचा.
आई म्हणली होती, बघ तिच्याकडं.
मी बघतच होतो.
बाभळीवर सरडा होता, लाल गळ्याचा,
थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं.
ट्रॉली मागं येत होती.

‘तुझी काय चूक’ असंही कुणी म्हणलं नाही.
ते गावानं म्हणून झालंय,
म्हणताना दुसरीकडं बघत.
अंधारात कुणीतरी नाक ओढलं.
मी डस्टर धरून बसलो,
कुणी मागितला नाही.

बऱ्याच वेळानं महारुद्रनं हात पुढं केला.
म्हणाला, मपल्या चपलेचा अंगठा तुटलाय,
शिवायला दहा रुपये नाहीत.
आणि मला एवढं हलकं वाटलं,
की शिवकन्येनंतरही काहीतरी येतं.
चप्पल येती.

सोमवारी गणिताच्या सरांनी
त्याच डस्टरनं फळा पुसला.
समीकरण गेलं. खिडकीतल्या उन्हात भुकटी उडाली,
पहिल्या बाकावरच्या द्वारकेच्या वेणीवर बसली.
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
काय रे, काय झालं? सर म्हणाले.

काही नाही सर.
अल्ताफला तेवढं हसू आवरलं नाही.