उणे चार

यांगचेन म्हणाली, थंडी छातीतून शिरत नाही.
मनगटातून शिरते. बाही संपते आणि हातमोजा सुरू होतो
त्या दोन बोटं फटीतून.
परळच्या फुटपाथवर, दोरीला टांगलेल्या स्वेटरांखाली
आम्ही दोघी घामाघूम,
आणि ती माझ्या हातावर बोटं ठेवून फट मोजत होती.

मुंबईत थंडीची तयारी करणं म्हणजे
गादीवर पालथं पडून पोहायला शिकणं.
पारा एकोणीसवर आला की टॅक्सीवाले मफलर गुंडाळतात,
वॉचमन पत्र्याच्या डब्यात पुठ्ठे जाळतो,
आई खिडकी लावून घेते. काय बाई गारठा.
मी तिला सांगत नाही
की ग्वाल्हेरच्या पुढे पहाटे चार असतं
आणि धुकं असं की मागच्या चाकाला पुढचं दिसत नाही.
मुन्स्यारीचं तर नावच घेत नाही.

घोडपदेवला परकारांनी ऑइल बदललं, बॅटरी बदलली,
क्लचची जास्तीची केबल जुनीच्या अंगाला अंग लावून
टाकीखालून आधीच ओवून ठेवली.
तुटली की फक्त टोकं बदला, म्हणाले,
अंधारात, बधिर हातांनी जमेल एवढंच काम उरायला हवं.
थंडीत गाडी पहिल्या किकला रुसते. रुसू द्या.
पैसे घेताना विचारलं, एकट्याच?
मी चेनकडे बघितलं. चेन ठीक होती.

मग हिराजी. ससून डॉकच्या बर्फ कारखान्यात
माझ्या वर्गात होता तो, सातवीपर्यंत.
आत बस अर्धा तास, म्हणाला, फुकट.
दारावरच्या काट्यानं उणे चार दाखवलं.
मी माशांच्या क्रेटवर बसले, हेल्मेटसकट,
झाडूचा दांडा हँडलसारखा धरून.
समोर सुरमईची रांग,
एकीनंही पापणी लववली नाही.

धुळे. सेंधवा. गुणा. शिवपुरी.
मी गावं मोठ्यानं म्हणत होते, वाफ काचेवर बसत होती.
दहाव्या मिनिटाला पायाची बोटं गेली.
अठराव्याला ती फट सापडली त्याला. त्या गारव्याला.
यांगचेननं दाखवली होती तिथेच, डाव्या हातावर,
घड्याळाच्या पट्ट्याच्या वर, पातळ सुरीसारखा.
तेविसाव्याला क्लच दाबायचा म्हटलं
आणि बोटांनी ऐकलं नाही.

हिराजीनं दार उघडलं. बाय, तू काय म्हावरा हाय?
चहाचा ग्लास मला धरता येईना.
त्यानंच धरला, तोंडाशी,
बाहेर बाया कोलंबी सोलत हसत होत्या
आणि ऊन असं होतं की डांबर मऊ.

विदुला अकरा वर्षं म्हणत होती, ये कधीतरी.
दिवाळीला म्हणाली, यंदा येणार असशील तर ये.
वाक्य तेवढंच. पण मी ते उलटंसुलटं करून पाहिलं,
शिवण तपासतात तसं.
विमान आहे, रेल्वे आहे, सगळे सांगतात.
खरं आहे. पण दोन दिवसांत पोचले
तर मी तिला काय म्हणू, हे मला अजून येत नाही.
सहा दिवस लागतील. लागू देत.

आईला मी फट दाखवली नव्हती.
तरी काल रात्री तिनं बाबांचे होमगार्डचे खाकी मोजे काढले,
टाचा कापल्या, कडा दुमडून टिपल्या,
आणि दोन लोकरी नळ्या टीव्हीवर ठेवून झोपली.
कोपरापर्यंत येतात. डांबरगोळ्यांचा वास.

रात्रीचे अकरा. पंखा पाचावर.
सगळं एकावर एक चढवून आरशासमोर उभी आहे,
जॅकेटच्या आत रविवारची पुरवणी,
छातीवर भाड्याने देणे आहे, पाठीवर राशिभविष्य.
कानामागून घाम ओघळतो आहे.
साडेतीनला निघायचं.
विदुलाला अजून कळवलेलं नाही.
हातमोज्यातून फोनची अक्षरं उमटत नाहीत,
आणि हातमोजे
आता काढवत नाहीत.