मुदतीचा महिना

जुलैच्या अखेरीस कंपनीने व्हिसा रद्द केला
आणि देश सोडायला महिना दिला.
एकोणीस वर्षं मी शारजात गाड्यांचे विमे लिहिले,
कुणाचा बंपर, कुणाचा आरसा.
अख्खा महिना हातात
कधी कुणी ठेवला नव्हता.

घरात होतं: चार किलो मैदा, दोन डबे खजूर,
कुणीतरी जाताना देऊन गेलेला ओव्हन,
आणि कुणी कुणी जाताना दिलेली
एक्केचाळीस पुस्तकं. कपाटावर,
वाळूची बारीक साय धरून.
विमानात तीस किलो. पुस्तकं मावत नाहीत.
मैदा तर नाहीच.
ठरलं, दोन्ही इथेच संपवायचं.

ऑगस्टमध्ये रोलाच्या मागची आमची इमारत अर्धी रिकामी.
गार नळाला चटके देणारं पाणी,
म्हणून गीझर बंद ठेवून
त्यातलं साठलेलं गार पाणी वापरायचं.
हा उलटा धडा पहिल्याच उन्हाळ्यात मिळतो.
कणीकही मी गीझरच्याच पाण्यात भिजवली.

पहिला पाव वीट.
दुसरा गॅलरीत ठेवला, झाकून,
आणि कादंबरी घेऊन बसले.
नायिका बोटीवर चढेपर्यंत
पीठ पातेल्याबाहेर उतरून
जाळीपर्यंत पोचलं होतं.

ओव्हनचं दार लागत नाही, कलथा अडकवते.
काटा मोडलाय, घड्याळही बंद,
तेव्हा वेळ पानांवर मोजायची.
नानकटाईला अकरा पानं, प्रवासवर्णनाची.
कवितेची असतील तर चोवीस,
त्यात कोरा कागद फार.
खजुराच्या केकला एक पूर्ण प्रकरण.
सहा तारखेला केक करपला.
प्रकरण फारच चांगलं होतं.

वीज खात्याचं नाव इथे सेवा.
बिल बघून मनात म्हटलं,
एवढी सेवा मी कुणाचीच केली नाही.

एका पुस्तकात, आत, शाईने:
सौ. हेमलतास, मनामा, १९८८.
आणि पान नव्वदच्या कडेला पेन्सिलने:
मेथी, दूध, पप्पूचं इंजेक्शन.
गोष्ट विसरले. पप्पूचा ताप
दोन दिवस डोक्यात होता.

खाली गुलजमान, वॉचमन, पेशावरकडचा.
दर शुक्रवारी त्याला एक तुकडा.
तो गंभीरपणे चावतो, आकाशाकडे बघतो,
आणि दर शुक्रवारी सांगतो, साखर कमी आहे.

शेजारची शायनी रात्रपाळीहून सातला येते,
गणवेशातच, बूट दाराशी,
गरम पावावर लोणी फासून उभ्यानेच खाते.
तिला मी हिंदीत रहस्यकथा सांगितली:
गढीवरचे आजारी सरदार, दोन पुतणे,
एक डॉक्टर, विष कुणी दिलं?
शेवटची सोळा पानं गायब.
मी चार दिवस डॉक्टरवर डोळा ठेवून.
शायनी बोट चाटत म्हणाली,
नर्सला माहीत असणार.
तिला कुणी विचारलंच नसेल.

मी मागे जाऊन शोधलं. पान अठ्ठावन्न.
आहे खरंच. दोन ओळींपुरती.
औषधाचा पेला ठेवते, पडदा ओढते, जाते.

तेवढं एकच पुस्तक बॅगेत टाकलंय.
बाकीची तिसऱ्या मजल्यावरच्या जळगावकरांना,
नवं जोडपं, अजून फर्निचर नाही.
ओव्हनही दिला. बरोबर कलथा दिला,
तर विचारत होते, हा कशाला?

काल शेवटचा ट्रे.
मैदा वाटीभर उरलाय,
आणि एक जाडजूड ग्रंथ,
ज्याच्या पहिल्याच पानावर
मला चारदा झोप लागली.
दोन्ही ओट्यावर तसंच ठेवलंय.
पुढच्यालाही कधीतरी
महिना मिळेल.