मधला उभा

कोळंबखाडीवरचा साकव. लांबी चोवीस मीटर,
आठ घरं, प्रत्येक तीन मीटरचं.
(कैचीची घरं. वाडीतली निराळी,
त्यातल्या अकरांना कुलूप.)

देवगडच्या उपविभागात, पंख्याखाली,
कागद उडू नयेत म्हणून वर गंजके नट ठेवून
मी सांधे सोडवत बसते.
जिथे अज्ञातं दोनच, त्या सांध्यापाशी आधी जायचं.
आडव्यांची बेरीज शून्य, उभ्यांची बेरीज शून्य,
एक सुटला की शेजारचा सुटतो.
तिरके ताणात. वरची कांब दाबात.
खालची दोन्ही टोकांना धरून ठेवणारी.
आणि मधला उभा: शून्य.
माथ्यावर त्याला भेटतात त्या दोघी एका रेषेत,
त्याच्याकडे कुणाचं काही मागणं नाही.

मृत भार मोजता येतो. लोखंड, फळ्या, वजा गंज.
जिवंत भार संहितेतून घ्यायचा:
दर चौरस मीटरला पाचशे किलो माणूस.
म्हणजे या एवढ्याशा साकवावर
एकशे ब्याण्णव जण, खांद्याला खांदा लावून.
मतदारयादीत एक्केचाळीस नावं.
त्यातली चौदा फक्त यादीतच राहतात.

ओहोटीला आम्ही पोचलो, मी आणि बुधाजी मेस्त्री.
खाली गुडघाभर चिखलात सत्यवती कोयंडे
खांबावरची कालवं कोयत्यानं सोडवत होती.
मी टोपलीचं वजन विचारलं.
"आसात बारा-तेरा किलो. कित्याक? पुलाक जड जाता?"

उत्तरेचं टोक पक्कं, दक्षिणेचं रोलरवर,
कारण ऊन चढलं की साकव पाच-सहा मिलिमीटर वाढतो
आणि वाढणाऱ्याला कुठेतरी सरकू द्यावं लागतं.
रोलर गंजून बसलाय.
दगडी टेकूला बोट जाईल एवढी चीर.
हे अपेक्षित होतं. हे मी वहीत लिहिलं.

मग समुद्राकडची कैची.
मधला उभा खालून तुटून लोंबत होता,
वारा आला की टण्, थांबून पुन्हा टण्.
मेस्त्रीनं वरच्या कांबेला दोरी लावली,
ताणून धरली, म्हणाला, बघा.
दोरी सरळ होती.
कांब नव्हती.
मधोमध अकरा मिलिमीटर.

सात वर्षांपूर्वीची फाईल मी तिथेच उघडली,
गुडघ्यावर, वाऱ्यात, एक हात पानावर दाबून.
"मधला उभा: शून्य बल. बदलण्याची आवश्यकता नाही."
खाली सही. ळ ची शेपूट लांब काढायची सवय
तेव्हा नवी होती मला.

तो काही उचलत नव्हता, हे खरंच.
तो फक्त वरच्या कांबेला मध्यावर धरून होता,
तिला दाबाखाली कुठे वाकावं हे सुचू देत नव्हता.
तो गेला आणि तीनाचे सहा मीटर झाले.
लांबी दुप्पट, तग चौथाई.
हेही त्याच पुस्तकात होतं,
पुढच्या प्रकरणात.

मेस्त्रीला सांगितलं. तो छपरांच्या कैच्या करणारा,
आकड्यांशी त्याचं वैर नाही, ओळखही नाही.
दोरी गुंडाळत म्हणाला,
"माझो सासरो तसोच. कामाक शून्य.
पण पडवेर बसाक होयो."
आणि स्वतःच हसला, बराच वेळ.

अंदाजपत्रकात मी लिहिलं:
कोन, पंचाहत्तर बाय पंचाहत्तर, लांबी दोन मीटर दहा, नग एक.
कारणाच्या रकान्यात 'गंज' लिहिलं.
खोडलं.
माझं नाव लिहायला तो रकाना लहान होता.

तेवढ्यात सत्यवती वर आली, टोपली डोक्यावर,
पदरातून पाणी गळतंय.
मी म्हटलं, थांबा, आज पलीकडून जाऊ नका.
पलीकडून म्हणजे तीन कोस.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कांबेकडे,
आणि चप्पल हातात घेऊन चालू लागली,
जणू अनवाणी गेल्यानं भार कमी होतो.

मी श्वास धरून आकडे मोजत राहिले.
एक बाई, तेरा किलो.
चौथं घर.
पाचवं.