कोमट

शरणपूर रोडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
हिलमनचा मागचा एक्सल
लाकडी घोड्यांवर आडवा पडलाय, पोट उघडून.
गाडी देवळाली कॅम्पच्या खोरशेदबाईंची, सत्तेचाळीसची.
तेवीस वर्षं गॅरेजात बंद होती,
मागच्या सीटवर कोंबड्यांनी पिढ्या काढल्या.

बर्नबा मिस्त्री म्हणतो, घाई नको.
बेअरिंगला हातोडा दाखवायचा नसतो.
चिवडेवाल्याकडून उसनी आणलेली कढई,
कढईत तेल, तेलात बेअरिंग,
नाताळच्या करंज्या तळाव्यात
तसा झारा घेऊन उभा.
तापलं की आपसूक उतरतं शाफ्टवर,
खट्.
एकदाच. दुसरा आवाज आला तर चुकलं.

मी सातपूरला गेज रूममध्ये एकतीस वर्षं काढली.
थंड खोली, पांढरे हातमोजे,
मायक्रॉनच्या बाबतीत साहेबाचंही ऐकायचं नाही.
कारखाना चाकणला गेला, मी गेले नाही.
निरोपाला सगळ्यांना घड्याळं दिली,
मी डायल गेज मागून घेतलं.

इथं शिमा आहेत. कांद्याच्या सालीसारख्या चकत्या,
बिस्किटांच्या डब्यात, कागदाच्या पुड्या बांधून:
तीन थाऊ, पाच थाऊ, दहा.
थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा तुकडा.
एक घातली की पिनियन सैल,
एक काढली की आवळतं.
सैल राहिलं तर रस्ताभर रडेल, बर्नबा सांगतो,
आणि आवळलं तर
घोटीच्या पुढे जळेल, न रडता.

फ्लँजला दोरी गुंडाळायची,
दोरीला ताणकाटा, पिंपळगावच्या बागेतला,
ज्यावर इतकी वर्षं द्राक्षं मोजली.
ओढा. सावकाश.
सव्वा किलो. कमी.
उघडा, शिम काढा, बांधा, ओढा.
तीन किलो. जास्त.
उघडा.
सहाव्यांदा उघडताना चहा निवला
तो तसाच प्यायलो.

पूर्वी त्याला काटा लागायचा नाही.
दोन बोटांनी फ्लँज फिरवायचा, डोळे मिटून,
म्हणायचा, तीन थाऊ काढा.
मी मागाहून तपासायचे. तीनच निघायचे.
खरं सांगायचं तर मला राग यायचा.

आता साखरेनं त्याची बोटं
मोजे घातल्यासारखी झालीत.
तापलेला नट उचलतो, कळत नाही,
मग फोडाकडे बघत बसतो,
दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा.
घरी सांगितलेलं नाही. मलाही नाही,
मी बघितलंय फक्त.
आज शेवटच्या शिमेला म्हणाला,
बाई, तुम्ही बघा.
मी गेज उचललं.
तसं नाही. बोटांनी.

फिरवलं.
आटत आलेल्या बासुंदीतून डाव फिरावा
तसं जड, एकसारखं,
आणि मध्येच कुठेतरी एक क्षण
काहीच नाही.
गेज रूममध्ये याला आकडा असतो.
शब्द मी कधी शोधला नव्हता.
एक थाऊ, म्हणाले, काढावी वाटतं.
तो हसला नाही. डबा पुढे सरकवला.

रविवारी विहितगावच्या रस्त्यानं देवळाली.
खोरशेदबाई मागे, कोंबड्यांच्या जागी,
मांडीवर पर्स घट्ट धरून.
नाक्यावर एकदाच बोलल्या:
मिस्त्री, हॉर्न फार हळू वाजते हां.
एक्सलचं कुणी नावही काढलं नाही.
मी सगळा वेळ तेवढंच ऐकत होते.

बंगल्याच्या फाटकात बर्नबा गाडीखाली शिरला,
पिनियनच्या नाकावर तळहात ठेवला,
थांबला.
उचलला.
मग हात उलटा करून
मनगटाची आतली बाजू टेकवली,
बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तशी.

कोमट, म्हणाला.
आणि तिथूनच, मला फक्त त्याचे बूट दिसत असताना,
हो ना? तुम्ही पण बघा.