आठवी पिन

चौथा मजला, लिफ्ट बंद. क्लाइपेडाच्या बंदरावरून
जिन्यातसुद्धा येणारा डिझेलचा वास.
स्तानिस्लावाबाईंनी दार उघडलं ते तक्रार करतच:
"मुलाने कॉर्कहून पैसे पाठवले, रुंद टीव्ही घेतला,
आणि आता माणसं फुगलीत.
बातम्यांतली नाहीत. फक्त माझी."

डिस्क लावली. कुठल्याशा ऑगस्टातली दुपार,
तळ्याकाठचं लाकडी घर, नवशिक्या हातातला कॅमेरा.
ब्रोन्यूस मासा साफ करतोय.
खांदे दाराएवढे, गाल भरलेले,
चांगलं अंग धरलेला माणूस.
पायाशी कुत्रा, डुकराएवढा.
भिंतीला टेकलेल्या सायकलची चाकं
आडवी पडलेली अंडी.

मी तीस वर्षं दुरुस्तीच्या दुकानात काढली,
पाठीला पोक असलेल्या काचेच्या टीव्हींमध्ये.
आता पिशवीत मल्टिमीटर, दोन पेचकस
आणि बायकोची शिवणाची टेप.
म्हटलं, बाई, चित्र आहे चारास तीन,
पडदा सोळास नऊ.
चादर लहान, पलंग मोठा,
कुणीतरी ओढून ओढून बसवलीय.

"मग सोडा की," त्या म्हणाल्या.

प्लेअरच्या मेनूत शिरलो.
एका पर्यायात ब्रोन्यूसचं डोकं गेलं.
दुसऱ्यात चारी बाजूंनी काळोख
आणि मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढं तळं.
शेवटी टीव्ही भिंतीपासून ओढला,
धुळीत हात घालून स्कार्टची वायर काढली.
तिची आठवी पिन: बारा व्होल्ट आले
तर टीव्ही समजतो, जुनं चित्र आहे, अरुंद.
सहा आले तर समजतो रुंद.
मीटरवर सहा.
कॅसेटची डिस्क करणाऱ्यानेच
चुकीचा शिक्का मारलेला,
प्लेअर तोच निरोप इमानदारीत पोचवत होता
आणि टीव्ही, बिचारा, विश्वासाने पसरत होता.

शिक्का पुसता येत नाही. पण रिमोटवर पिवळं बटण असतं.
दाबलं. एकदा. दोनदा. तीनदा.

मी माणसांकडे बघत नाही अशा वेळी,
गोल वस्तू शोधतो.
चित्र थांबवून चाकाला टेप लावली,
उभं एकवीस सेंटिमीटर, आडवं एकवीस.
"झालं," म्हटलं, आणि वळलो.

त्या चाकाकडे बघत नव्हत्या.

ब्रोन्यूसची गालफडं वर आलेली,
शर्ट खुंटीला टांगल्यासारखा,
घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरलेलं.
"डॉक्टरांनी नोव्हेंबरात सांगितलं," त्या म्हणाल्या.
"हा तर ऑगस्ट."

माझ्या हातात टेप होती, ती मी गुंडाळत राहिलो,
गुंडाळून झाल्यावर परत सोडली.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं,
"ह्या दोन काळ्या पट्ट्यांत काय आहे?"
काही नाही, म्हटलं, तिथलं चित्र घेतलंच नाही.
"डावीकडे मी होते. टेबल पुसत होते.
मध्येच म्हणाले, जेव रे नीट.
ऐकू येईल आता, थांबा."

ऐकू आलं. आवाज मात्र
आधीपासूनच बरोबर मापाचा होता.

पैसे घेतले नाहीत, मशरूमच्या लोणच्याची बरणी घेतली.
कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं,
पिवळं बटण तीनदा, दर वेळी, डिस्क लावली की.
चौथ्यांदा दाबलं तर पुन्हा पहिल्यासारखं.

अजून कधी रविवारी संध्याकाळी फोन येतो.
"रिमान्तास, तीनदा, की चारदा?"
मी विचारतो, आत्ता पडद्यावर काय दिसतंय?
त्या सांगत नाहीत.
मग मी दोन्ही आकडे सांगतो
आणि फोन त्यांनी आधी ठेवायची वाट बघतो.